लसूण नको, मैदा पाव कप

प्रश्न असा आहे: सिनेनट, गायक, चित्रकार अशा प्रसिद्ध माणसांनी पन्नास-साठ वर्षांपूर्वी काढलेली पाककृतींची पुस्तकं लोक आजही शोधून शोधून का घेतात? जुन्या काळाचं प्रेम म्हणून, की त्यातून खरंच काही चांगलं रांधता येतं? आणि घ्यायचंच असेल तर कुठलं घ्यावं?

मी पाककृतींच्या पुस्तकांचं संपादन करते आणि छपाईला जाण्याआधी कृती ओट्यावर करून तपासते. या कामात जुन्या पुस्तकांचा नाद लागतोच, कारण एखादी कृती का फसते हे नव्या पुस्तकापेक्षा जुन्या पुस्तकात लवकर कळतं. थोडक्यात उत्तर द्यायचं तर, यातल्या काही पुस्तकांतून फर्मास रांधता येतं, बऱ्याच पुस्तकांतून येत नाही, आणि पुस्तक टिकण्याचा याच्याशी फारसा संबंध नाही. ज्या पुस्तकात त्या माणसाचा हट्ट छापला गेला ते टिकलं. नुसता चेहरा छापलेली पुस्तकं रद्दीत गेली, आणि तशी पुस्तकं ढिगाने निघाली होती.

हट्ट म्हणजे काय, हे दाखवायला मी पुस्तकाऐवजी एक कागद पुढे करते. मेरिलिन मन्रोच्या हस्ताक्षरातली स्टफिंगची, म्हणजे पक्ष्याच्या पोटात भरायच्या सारणाची कृती. तिच्या टिपणांचा आणि पत्रांचा संग्रह २०१० साली प्रसिद्ध झाला, त्यात ती आहे. एका विमा कंपनीच्या छापील कागदावर घाईघाईने उतरवलेली. सुरुवातीलाच ताकीद आहे: लसूण नको. मग आंबवलेल्या पिठाचा पाव थंड पाण्यात भिजवायचा, पिळून काढायचा आणि कुस्करायचा. खिमा कढईत परतायचा, पण तेल अजिबात घालायचं नाही. किसलेलं पार्मेझान चीज किती, तर मूठभर. त्यात मनुका, अक्रोड-चेस्टनट-शेंगदाणे यांचा चुरा, कोंबडीचं काळीज आणि उकडून चिरलेलं अंडं.

‘न्यूयॉर्क टाइम्स’ने त्याच वर्षी ही कृती करून पाहिली आणि ती उत्तम निघाली. पण मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते हे, की कागद नीट वाचला तर लिहिणारीने हे सारण स्वतः केलेलं आहे याबद्दल शंका उरत नाही. ‘पाव आधी भिजवून मग पिळा’ हे स्वतः न रांधणारा माणूस लिहीत नाही. तो ‘पावाचे तुकडे घाला’ एवढंच लिहून मोकळा होतो. ‘तेल नको’ हे कढईसमोर उभं राहिल्यावर सुचतं, कारण खिम्याला स्वतःची चरबी सुटते. जिला पडद्यावर सोनेरी केसांची बावळट पोरगी म्हणून उभं केलं, ती इथे मोजकं, खात्रीचं आणि कामाचं बोलते. ते वाचताना येणारी मजा कुठल्याही छायाचित्रातून येत नाही.

दुसरं उदाहरण हॉलिवुडची नटी कॅथरिन हेपबर्नच्या ब्राउनीजचं. ही कृती १९७५ साली ‘लेडीज होम जर्नल’ या मासिकात आली आणि तेव्हापासून कात्रणांतून, वह्यांतून फिरते आहे. बिनसाखरेचं चॉकलेट दोन औंस, लोणी ११३ ग्रॅम, साखर एक कप, अंडी दोन, अक्रोड एक कप, चिमूटभर मीठ, जरासं व्हॅनिला. आणि मैदा फक्त पाव कप. ३२५ अंश फॅरनहाइटला, म्हणजे साधारण १६३ अंश सेल्सियसला, चाळीसेक मिनिटं. पाव कप मैदा म्हणजे जेमतेम तीस-पस्तीस ग्रॅम. एरवी एवढ्या लोण्या-साखरेला कुणीही अर्धा ते पाऊण कप मैदा सांगेल. माझ्यासारख्या तपासणारीकडे हा मजकूर छापण्याआधी पाठवला तर पेन्सिल आपोआप त्या आकड्याखाली जाते आणि समासात प्रश्नचिन्ह पडतं. पण करून पाहा. मिश्रण पातेल्यातून भांड्यात ओतताना जाड फितीसारखं घडी घेत पडतं. भाजताना वर कागदाइतका पातळ, चकचकीत पापुद्रा धरतो आणि आत ते दाट, ओलसर, जवळजवळ चॉकलेटच्या वडीसारखं राहतं. गरम असताना कापायला गेलात तर लगदा होतो. पूर्ण गार होऊ द्यावं लागतं. हेपबर्न २००३ साली गेली, तेव्हा तिच्या एका शेजाऱ्याच्या मुलीचं पत्र ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये आलं होतं. वडिलांनी नेऊन दिलेल्या ब्राउनीज चाखून हेपबर्नबाईंनी मैदा जास्त झाल्याचं तोंडावर सांगितलं होतं, आणि ‘ब्राउनीत मैदा फार घालू नये’ हा धडा त्या मुलीने आयुष्यभर लक्षात ठेवला. ही बाई पडद्यावरही अशीच होती, म्हणूनच तो पाव कप लोकांना पटतो.

पण अशी उदाहरणं थोडी. बहुतेक पुस्तकं कशी तयार होत, तेही सांगायला हवं. हॉलिवुडच्या स्टुडिओंचे प्रसिद्धी विभाग १९२० आणि ३०च्या दशकांपासूनच चाहत्यांच्या मासिकांना ताऱ्यांच्या ‘आवडत्या’ कृती पुरवत असत. नटी घरगुती वाटावी, शेजारीण वाटावी, हा त्यामागचा हेतू. कृती बहुतेक वेळा कार्यालयातच लिहिली जाई. पुढे दूरचित्रवाणी आली, प्रसिद्ध माणसं दुपारच्या कार्यक्रमांत पातेली ढवळू लागली आणि प्रकाशकांना आयतं गिऱ्हाईक मिळालं. गायिका डायना शोरचा ‘डायनाज प्लेस’ हा कार्यक्रम १९७० साली सुरू झाला आणि १९७१ साली तिचं पाककृतींचं पुस्तक दुकानात आलं. क्रम हाच: आधी चेहरा घराघरात, मग पुस्तक.

पुस्तक लिहायचं काम पुष्कळदा वेगळ्याच माणसाचं. आपल्याकडे आत्मचरित्रांवर ‘शब्दांकन’ म्हणून नाव येतं, तसं इथे क्वचितच येई. पियानोवादक लिबराचीचं १९७०चं ‘लिबराची कुक्स!’ हे पुस्तक त्याबाबत प्रामाणिक म्हणायचं, कारण कॅरल ट्रुआक्स या अनुभवी पाकलेखिकेचं नाव त्यावर उघड आहे. पुस्तकाची रचना त्याच्या घरातल्या सात जेवणघरांवर बेतलेली आहे. एका माणसाला जेवायला सात खोल्या! पण मेणबत्त्यांची शमादानं पियानोवर ठेवून वाजवणाऱ्या माणसाने एका जेवणघरात भागवलं असतं तर ते पुस्तक कुणी उघडलंही नसतं. कृती ट्रुआक्सबाईंच्या वळणाच्या असतील, पण पाहुण्यांना दिपवून टाकायचा हव्यास अस्सल लिबराचीचा आहे आणि तो पानापानांवर दिसतो.

अनोळखी पुस्तक हातात आलं की त्यात खरा माणूस किती आणि पगारी लेखक किती, हे मी कसं ओळखते ते सांगते. सगळीकडे ‘चवीनुसार’ असेल, प्रत्येक कृतीवरचा परिच्छेद ‘माझ्या मित्रमंडळींचा लाडका पदार्थ’ अशा वाक्याने सुरू होत असेल, तर समजावं की मुलाखतही धड झालेली नाही. छायाचित्रात पातेल्यातून वाफ येत नाही, अ‍ॅप्रनची इस्त्री मोडलेली नाही, चमचा फोटोसाठी धरावा तसा धरलाय, हे तर दिसतंच. आभाराचं पान मात्र कुणी वाचत नाही. ‘जिच्या अथक मदतीशिवाय हे शक्य नव्हतं’ अशी एखादी बाई तिथे सापडते. पुस्तक तिचं. उलट एखादा विचित्र नेमका आकडा, एखादी निष्कारण बंदी, एखाद्या भाजीवरचा राग, ‘हे करायला कंटाळा येतो पण करावं लागतं’ अशी कबुली दिसली की थांबावं. पगारी लेखक असं लिहीत नाही, त्याला कुणाला दुखवायचं नसतं.

हे सगळं विसाव्या शतकातच सुरू झालं असंही नाही. कादंबरीकार अलेक्झांडर ड्युमाने आयुष्याच्या शेवटी स्वयंपाकाचा एक प्रचंड कोश लिहिला. तो १८७० साली वारला आणि कोश १८७३ साली निघाला. त्यात कृती आहेत, शिकारीच्या गप्पा आहेत, ऐकीव इतिहास आहे आणि शेवटी मोहरीवरचं एक लांबलचक प्रकरण आहे, ज्यात बोर्निब्यु या उत्पादकाची भरघोस जाहिरात केलेली आहे. प्रसिद्ध माणसाच्या नावावर मसाल्याची बाटली खपवण्याची युक्ती आजची नव्हे, एवढं यावरून कळावं. तरी तो कोश लोक अजून वाचतात, कारण ड्युमा खादाड होता आणि खोटं बोलतानाही रंगून बोलतो.

आता व्हिन्सेंट प्राइस. या सगळ्या प्रकारातलं पहिल्या नंबरचं पुस्तक कुठलं, असं विचारलं तर मी डोळे झाकून त्याचं नाव घेते. भयपटांतला हा उंच, मखमली आवाजाचा नट. मायकल जॅक्सनच्या ‘थ्रिलर’ गाण्याच्या शेवटी जो थरारक आवाज आणि हास्य ऐकू येतं ते त्याचंच. पण त्याने येल विद्यापीठात कलेचा इतिहास शिकला होता, चित्रं जमवायचा, आणि सियर्स या साखळी दुकानांसाठी त्याने १९६२ पासून सामान्य गिऱ्हाइकांना परवडतील अशी मूळ चित्रं निवडून विकायला ठेवली. हा मुद्दा महत्त्वाचा आहे, कारण त्याचं आणि पत्नी मेरीचं १९६५ सालचं ‘अ ट्रेझरी ऑफ ग्रेट रेसिपीज’ हे पुस्तक त्याच स्वभावातून आलेलं आहे: जगातलं उत्तम ते निवडायचं आणि सगळ्यांच्या घरात पोचवायचं.

पुस्तक हातात घेतलं की आधी वजन जाणवतं. मऊ भरीव पुठ्ठा, सोनेरी अक्षरं, वाचनखुणेसाठी फिती, एखाद्या धर्मग्रंथासारखा थाट. आत देशवार उपाहारगृहं आहेत. फ्रान्समधल्या व्हिएन गावचं ‘ला पिरामिद’, न्यू ऑर्लिन्सचं ‘आंत्वान्स’, बोस्टनचं ‘लॉक-ओबर’ अशी नामांकित ठिकाणं. प्रत्येकाबद्दल एक टिपण, त्यांचं खरं मेनूकार्ड जसंच्या तसं छापलेलं, आणि तिथल्या काही कृती, घरच्या स्वयंपाकघरात जमतील अशा बेताने बसवलेल्या. याच थोर मंडळींच्या पंक्तीत लॉस एंजेलिसचं डॉजर बेसबॉल मैदान आहे आणि तिथला हॉट डॉग आहे! हाच त्याचा हट्ट. मैदानाच्या बाकावर बसून सामना बघताना खाल्लेला हॉट डॉग त्या जागी, त्या वेळी उत्तमच असतो, तर तो पुस्तकात का नको? खानदानी खवय्याने हे कधीच केलं नसतं आणि प्रसिद्धी विभागाने केलं असतं तर ते विनोद म्हणून केलं असतं. प्राइसने ते सरळ चेहऱ्याने केलं.

दुसरी गोष्ट अशी की तो श्रेय स्वतःकडे ओढत नाही. कृती कुणाची, कुठे खाल्ली, तिथल्या आचाऱ्याकडून कशी मिळवली, हे तो सांगतो. आपण पाहुणे होतो, हे तो विसरत नाही. प्रसिद्ध माणसाच्या पुस्तकात हे फार दुर्मीळ. बाकीचे ‘माझ्या घरी या’ म्हणतात आणि दारातच आपली छायाचित्रं लावून ठेवतात. प्राइस ‘चला, तुम्हाला एका ठिकाणी घेऊन जातो’ म्हणतो. स्वतःच्या घरचे पदार्थही आहेत, पण ते शेवटी. मेरी प्राइस वेशभूषाकार होती आणि पुस्तकाचं देखणेपण, मांडणीतली शिस्त तिच्याकडे पाहिलं की समजते. त्यांचं लग्न १९७३ साली मोडलं, पुस्तक मात्र दोघांच्या नावाने राहिलं. पन्नास वर्षांनी, २०१५ साली, त्याची नवी आवृत्ती निघाली. मधल्या काळात जुन्या प्रतींवर उड्या पडतच होत्या.

या पुस्तकातून रांधता येतं का? येतं. सॉस जमतात, लोणी आणि साय यांचा हात मात्र १९६५चा आहे. मी निम्मं करते आणि चवीला काही बिघडत नाही. त्याहून जास्त उपयोग मेनूकार्डांचा. साठच्या दशकात चांगल्या उपाहारगृहात कशानंतर काय वाढत, यादी केवढी असे, काय हंगामी होतं, हे एवढ्या सोयीने दुसरीकडे कुठे बघायला मिळत नाही. यातली कितीतरी ठिकाणं आता बंद झाली किंवा ओळखू येणार नाहीत इतकी बदलली. प्राइस पुढे ब्रिटिश दूरचित्रवाणीवरही रांधायचा, आणि अमेरिकी दूरचित्रवाणीवरच्या जॉनी कार्सनच्या गप्पांच्या कार्यक्रमात तर त्याने भांडी धुवायच्या यंत्रात मासा शिजवून दाखवला. मासा फॉइलमध्ये घट्ट गुंडाळून, साबण न घालता. तत्त्व म्हणून हे चुकीचं नाही, मंद वाफेवर मासा छानच शिजतो. पण ते यंत्राच्या तापमानावर अवलंबून असल्याने मी ते कुणाला सुचवणार नाही.

प्राइसच्या अगदी उलट टोकाला चित्रकार साल्वादोर दाली. सहा वर्षांचा असताना मला आचारी व्हायचं होतं, सातव्या वर्षी नेपोलियन, असं त्याने आत्मचरित्राच्या सुरुवातीलाच लिहून ठेवलंय. १९७३ साली ‘ले दिने द गाला’ हे त्याचं पाककृतींचं पुस्तक आलं, पत्नी गालाच्या नावाने. १३६ कृती, बारा प्रकरणं, त्यातलं एक कामोत्तेजक पदार्थांवर. कॅलरी मोजणाऱ्यांनी हे पुस्तक ताबडतोब मिटावं, अशी तंबी सुरुवातीलाच. कृती मॅक्सिम्स, लासेर, ला तूर दारजां अशा पॅरिसच्या बड्या ठिकाणांहून आलेल्या. गोगलगायी भरलेलं वासराचं मांस, बेडूक, खेकड्यांचे मनोरे. गंमत अशी की कृती शास्त्रशुद्ध आहेत, कारण त्या खऱ्या आचाऱ्यांच्या आहेत. चित्रं बघून मात्र भूक मरते. माझं स्पष्ट मत विचाराल तर हे स्वयंपाकाचं पुस्तक नाहीच, जेवणाच्या टेबलावर रचलेलं नाटक आहे, आणि त्यातून रांधायचा अट्टहास करू नये. २०१६ साली टाशेन प्रकाशनाने ते पुन्हा काढलं तेव्हा ते घेणाऱ्यांपैकी कितीजणांनी गोगलगायी आणल्या असतील? तरी ते टिकलं, कारण सबंध पुस्तकात दाली एकदाही सभ्य वागत नाही.

नाव मोठं लक्षण खोटं अशा पुस्तकांबद्दल बोलून वेळ घालवत नाही. पण ज्यात नाव लहान आणि पुस्तक मोठं, असं एक आहे. अ‍ॅलिस बी. टोक्लस ही लेखिका गर्ट्रूड स्टाइनची आयुष्याची जोडीदार. पॅरिसच्या त्यांच्या घरी पिकासो, मातीस, हेमिंग्वे येत. स्टाइन बोलायची आणि टोक्लस रांधायची. स्टाइन १९४६ साली गेल्यावर एकटी पडलेली, काविळीने खंगलेली टोक्लस पैशांसाठी पाककृतींचं पुस्तक लिहायला बसली आणि १९५४ साली जे निघालं ते साहित्य आहे. एका प्रकरणाचं नावच मुळी ‘स्वयंपाकघरातले खून’. बाजारातून जिवंत कार्प मासा येतो, तो मारायचं काम हिच्यावर येतं. ती सुरी चालवते, मासा मरतो, आणि ही खुर्चीत कोसळते, हात न धुताच सिगारेट पेटवते आणि पोलीस यायची वाट बघते. आणि मग लगेच, काही झालंच नाही अशा थाटात, चेस्टनट भरलेल्या कार्पची कृती सुरू होते. खाणं म्हणजे कुणाचा तरी जीव घेणं, हे सुंदर छायाचित्रांच्या पुस्तकांत कुठे लिहिलेलं असतं? तिच्या कृती आजही चालतात, फक्त वेळ हवा.

हे पुस्तक जगभर गाजलं ते मात्र भलत्याच कारणाने. पानं भरायला तिने मित्रमंडळींच्या कृती मागवल्या होत्या. चित्रकार ब्रायन गायसिनने पाठवलेल्या कृतीत सुका मेवा, मसाले आणि त्याबरोबर भांग होती. तिच्या ते ध्यानात आलं नाही. अमेरिकी प्रकाशकाने पहिल्या आवृत्तीतून ती कृती काढली, ब्रिटिश आवृत्तीत ती राहिली, आणि व्हायचा तो बोभाटा झाला. १९६८ साली तिच्या नावाने हॉलिवुडचा सिनेमाही निघाला. तोवर ती हयात नव्हती. सत्तरी उलटलेली, काटेकोर, कॅथलिक धर्माकडे वळत चाललेली बाई हिप्पींची देवी झाली. या एका कृतीपायी पुस्तक घेणारे पुष्कळ, पण कार्पच्या पानावर पोचणारे ते जपून ठेवतात.

सोफिया लॉरेनचं १९७१चं पुस्तक आणि लेन डायटनचं ‘अ‍ॅक्शन कुक बुक’ यांचाही उल्लेख हवा. लॉरेनने १९६८ साली गरोदरपणात डॉक्टरांच्या सांगण्यावरून जिनिव्हातल्या हॉटेलात सक्तीची विश्रांती घेतली, त्या महिन्यांत या पुस्तकाचं बीज पडलं. तिचे पदार्थ तिच्या आजीच्या वळणाचे, साधे आणि बिनचूक आहेत. छायाचित्रं चकचकीत असली तरी कृती स्वयंपाकघरातली आहे. डायटन हेरकथांचा लेखक, पण मुळात चित्रकार. महागडी पाकपुस्तकं ओट्यावर नेऊन खराब करायची नाहीत म्हणून तो कृती कागदावर चित्रं काढून भिंतीला चिकटवायचा. त्याच चित्रकृती १९६२ पासून ‘ऑब्झर्व्हर’मध्ये छापल्या जाऊ लागल्या आणि १९६५ साली पुस्तक झालं. बाण, घड्याळं, ठळक अक्षरं. शिकाऊ माणसाला आजही देण्यासारखं. त्याच्याच कादंबरीवरच्या ‘द इपक्रेस फाइल’ सिनेमात नायक मायकल केन अंडी फोडतो तेव्हा दिसणारे हात डायटनचे आहेत, अशी गोष्ट सिनेमावेडे सांगतात. एका हाताने अंडं फोडण्याची सफाई बघता ती खरी वाटते.

आता ज्यांना प्रत्यक्ष रांधायचं आहे त्यांच्यासाठी. जुनी कृती फसते ती बहुधा मापात. अमेरिकी कप सुमारे २४० मिलिलिटरचा. अमेरिकी पिंट ४७३ मिलिलिटर, ब्रिटिश पिंट ५६८. म्हणून पुस्तक कुठे छापलंय ते आधी बघा, फक्त लेखक कुठला ते बघून भागत नाही, कारण तेच पुस्तक दोन्हीकडे वेगळ्या मापांनी निघालेलं असू शकतं. ‘एक कप चाळलेला मैदा’ आणि ‘एक कप मैदा, चाळून’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात आधी चाळून मग हलकेच मोजायचं, तो ११५ ग्रॅमच्या आसपास भरतो. दुसऱ्यात डब्यात कप बुडवून मोजलात तर १४० ग्रॅम सहज होतो. केक कोरडा होण्याचं निम्मं कारण इथेच असतं. ‘मध्यम ओव्हन’ म्हणजे १८० अंश सेल्सियसच्या जवळपास, ‘मंद’ म्हणजे १५०, ‘तापलेला’ म्हणजे २०० ते २२०. ब्रिटिश पुस्तकातला ‘गॅस मार्क ४’ हाही १८०च. ‘एक डबा’ असं लिहिलं असेल तर सावध. डब्यांचे आकार तेव्हापासून बरेच आकसले आहेत. ‘नंबर दोनचा डबा’ म्हणजे साधारण अडीच कप, एवढं लक्षात ठेवलं तर बरंच निभावतं.

दोन ठिकाणी मात्र जुन्या पुस्तकाचं ऐकू नका. कच्च्या अंड्याची मूस, मेयोनीज, पेयं: अख्ख्या, न तडकलेल्या अंड्यातही साल्मोनेला हा आजारी पाडणारा जीवाणू असू शकतो हे १९८०च्या दशकात नीट कळलं, त्याआधीच्या लेखकांना ही काळजी नव्हती. पाश्चराइज्ड अंडी वापरा. आणि भाज्या किंवा मांस घरी बाटलीबंद करून टिकवायच्या जुन्या कृती सरळ सोडून द्या. आम्ल कमी असलेल्या पदार्थात बोट्युलिझमचा, म्हणजे जीवघेण्या विषबाधेचा, धोका असतो आणि साध्या उकळत्या पाण्याने तो जात नाही.

विकत घेण्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. स्वाक्षरीला भुलू नका, प्रसिद्ध माणसांच्या स्वाक्षऱ्या सचिवही करत आणि यंत्रंही. वेष्टणाच्या आतल्या घडीवर किंमत छापलेली नसेल तर ती बहुधा बुक क्लबची, म्हणजे सभासदांसाठी काढलेली आवृत्ती, संग्राहकांना नको असते, पण रांधायला तेवढीच चांगली आणि बरीच स्वस्त. प्राइसचं पुस्तक घेताना त्याची पाठ, म्हणजे बांधणीची बाजू, तपासा, एवढ्या वजनाला ती बांधणी शिवणीपाशी सुटते. बाहेरून शानदार प्रत आतून सुट्या पानांचा गठ्ठा निघू शकते. नवी आवृत्ती घेतलीत तर ही कटकट नाही.

आजच्या ताऱ्यांची पुस्तकं अशी टिकतील का, असाही एक उपप्रश्न होता. आजची पुस्तकं तांत्रिकदृष्ट्या कितीतरी सरस आहेत. कृती तपासलेल्या, वजनं ग्रॅममध्ये, छायाचित्रात वाफसुद्धा. माझ्यासारख्यांचं पोट त्यावरच चालतं. पण तपासणाऱ्यांच्या चार-पाच हातांतून जाताना विचित्र आकडे सरळ होतात, बंद्या निघून जातात. हेपबर्नचा पाव कप आज माझ्याच टेबलावर अर्धा झाला असता. कधी कधी मी पेन्सिल बाजूला ठेवते आणि लेखकाला फोन करून विचारते, हे खरंच असंच करता का? समोरून तावातावाने ‘हो, असंच’ आलं, की आकडा तसाच ठेवते.

सुरुवात करायची असेल तर पुस्तक न घेताच ब्राउनीज करा. मग प्राइस. वाचायची आवड असेल तर टोक्लस, दाली कुणी भेट दिला तर. आणि जुनी प्रत घेणार असाल तर स्वच्छ प्रतीपेक्षा डाग पडलेली, पेन्सिलच्या खुणा असलेली निवडा. दुकानदार ती कमी पैशांत देतो, आणि आधीच्या मालकिणीने कुठल्या पानावर लोणी सांडलंय ते बघून पहिला पदार्थ कुठला करायचा हे ठरवता येतं.